अपशिंगे मिलिटरी : गावाचे युद्धस्मारक

सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला, त्यामागे पिढ्यानुपिढ्यांची लष्करी चाकरी आहे. पहिल्या महायुद्धात (1914–18) या एकाच गावचे 46 जवान कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारले. त्या युद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर मराठा पलटणींची मोठी हानी झाली. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत चाललेल्या कूत येथील वेढ्यात 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या व उपासमारीनंतर शरण गेल्या.

सरकारने त्या काळी गावोगावी बसवलेल्या संगमरवरी फलकांवर बहुधा किती माणसे युद्धावर गेली आणि किती परतली नाहीत एवढेच कोरलेले असे. माणसाचे नाव वगळून आकडा ठेवणारी ही पद्धत खटकते. याउलट महाराष्ट्रात त्याआधी शतकानुशतके घडवल्या गेलेल्या वीरगळांत, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणशिळांत, खालच्या चौकटीत झुंज व मृत्यू, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असत. वीरगळावरही नाव क्वचितच असे, परंतु गुरे राखताना पडलेल्या वीराच्या शिळेवर ती गुरेही दिसत, म्हणजे तो कशासाठी मेला हे गाव विसरत नसे. अपशिंग्याचे जवान मात्र परक्या साम्राज्यासाठी परमुलखात पडले. तरीही त्यांचे स्मारक गावाने आपलेच मानले, कारण माणसे गावची होती.