साडेचार तास आणि एक खाडी

वसई गावातल्या होळीवर राहणाऱ्या आमच्या आत्याच्या हातून एका पहाटे चहाचा कप निसटला. मी डॉक्टर असलेल्या चुलत बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, आत्याला हसायला सांग. दोन्ही हात वर धरायला सांग." ओठांची डावी कड हलेना. "शेवटचं नीट कधी बोलली ती? ती वेळ लिहून ठेव आणि सीटी स्कॅन असेल तिथेच ने."

मिनिटभराच्या त्या कॉलमागचा इतिहास मी नंतर धुंडाळला. १९०५ साली नेदरलँड्समधल्या लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. कारण साधे होते: यंत्र इतके अवजड, की रोग्यापाशी नेणेच अशक्य. १९३५ पासून रोममधले एक केंद्र भरसमुद्रातल्या खलाशांना बिनतारी संदेशाने उपचार सांगू लागले. मार्कोनी त्याचे पहिले अध्यक्ष. आपल्याकडे इस्रोच्या उपग्रहांनी लहान गावांतली रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडली, ती या शतकाच्या आरंभी.

हलते चित्र खिशात आले ते सर्वांत शेवटी, आणि ते सगळीकडे सारखेच कामाचे आहे असे मला वाटत नाही. छातीत कळ आलेल्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या ईसीजीचा फोटो डॉक्टरला अधिक सांगतो. पक्षाघाताचे मात्र तसे नाही. वाकडे तोंड, घसरणारा हात, जड जीभ ही पाहण्या-ऐकण्याचीच लक्षणे. अमेरिकेत १९९९ मध्ये लेव्हिन आणि गोरमन यांनी याच कामासाठी 'टेलिस्ट्रोक' हा शब्द सुचवला. तरीही मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कॅमेऱ्याला कळत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्राव असताना तेच जिवावर बेतू शकते. म्हणून स्कॅन. भारत सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनीही तातडीच्या प्रसंगी दूरचा सल्ला प्रथमोपचार, जीव वाचवण्याचे उपाय आणि पुढे कुठे न्यायचे एवढ्यापुरताच ठेवला आहे.

पुढे कुठे न्यायचे, हे वसईकराला नव्याने सांगायला नको. पहिल्या रुग्णालयातले स्कॅनचे यंत्र बंद होते. मुंबईकडे रस्त्याने निघायचे तर खाडी घोडबंदरच्या पुलावरूनच ओलांडायची, आणि तिथे सकाळच्या ट्रकांची रांग.

आम्ही पोहोचलो तेव्हा तीन तास पन्नास मिनिटे झाली होती. दारातच डॉक्टरांनी विचारले, "शेवटचं नीट कधी बोलल्या?" मी कागद पुढे केला.