टंचाईची वाटणी

जयसिंगपूरच्या आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने मागे प्रश्न विचारला, "सर, बाबासाहेब मजूरमंत्री असताना बायकांना कोळशाच्या खाणीत उतरवायची परवानगी दिली गेली, हे खरं का?" वर्ग गप्प झाला. मी 'हो' म्हणालो. पण नुसत्या 'हो'ने उत्तर पुरे होत नाही. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईचा इतिहास मला नव्याने वाचावा लागला.

लढाई रणांगणावर होते तशी ती कारखान्यातही होते. बूट, तंबू, कापड, कोळसा अमाप लागतो आणि माल, यंत्रे, माणसे कमी पडतात. मग सरकार ठरवते की कोणाला काय मिळणार आणि कोणाचे काय जाणार. टंचाई युद्धाने येते, पण तिची वाटणी माणसेच करतात. समाज उतरंडीचा असेल तर वाटणीही उतरंडीनेच होते.

जपानचे उदाहरण घ्या. एप्रिल १९३८ मध्ये तिथे माल, मजूर आणि भांडवल सरकारच्या मुठीत देणारा राष्ट्रीय जमवाजमवीचा कायदा झाला. कापूस वाचवण्यासाठी लाकडाच्या लगद्याचा धागा कापडात मिसळला गेला. देवळांच्या घंटा वितळवल्या गेल्या. त्याच वर्षी चामडे लष्करासाठी राखले गेले. हा घाव कोणावर बसला? पिढ्यान्पिढ्या चामड्याचे काम करणाऱ्या, जन्मावरून हीन ठरवलेल्या बुराकू समाजावर! १९२२ साली 'सुइहेइशा' ही संघटना उभारून माणुसकीचे हक्क मागणारा हाच समाज. खाणीत माणसे कमी पडली तेव्हा १९३९ साली स्त्रियांना भूगर्भात न उतरवण्याचा नियम सैल केला गेला आणि कोरियातून लाखो मजूर आणले गेले. त्यांतल्या बहुतेकांना आपली इच्छा सांगण्याची सोयच नव्हती.

आता आपल्याकडे या. १९४१ साली जपानी कापड बंद झाले. विलायती यंत्रे मिळेनाशी झाली. लष्कराची मागणी मात्र वाढतच होती. गिरणीमालकांनी जुन्याच साच्यांवर जादा पाळ्या लावल्या. १९४३-४४ साली देशातल्या गिरण्यांनी ४८० कोटी वारांहून अधिक कापड काढले. तरीही गरिबाच्या अंगावर चिंधी नव्हती, कारण माल लष्कराकडे आणि काळ्या बाजारात जात होता. जून १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले. आमची आजी त्याला 'कंट्रोलचं कापड' म्हणे. कंट्रोलच्या दुकानापुढे आमच्या वस्तीच्या बायका वेगळ्या उभ्या राहत आणि त्यांची पाळी येईपर्यंत गठ्ठा संपलेला असे. घरात दोन बायका आणि धड लुगडे एकच. बाजाराला एक गेली की दुसरी दाराआड बसे.

आणि कापड विणणारे कोण? आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, पण रिंगखात्यात. जास्त पगाराचे साचेखाते अस्पृश्याला बंद होते. तुटलेला धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळाची भीती! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. देशाला वार न् वार कापड हवे होते, तेव्हाही आजोबांना साचेखात्याचे दार उघडले नाही. उत्पादनाची निकडसुद्धा जातीपुढे हात टेकते, हे आमच्या घराने पाहिले आहे.

काही दारे मात्र निकडीने उघडली. महारांची पलटण पहिल्या महायुद्धानंतर मोडली होती. ती १ ऑक्टोबर १९४१ रोजी इथून जवळच, बेळगावला, महार रेजिमेंट म्हणून उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच ऑक्टोबरात व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. युद्धाला कुशल हात हवेत, मग ते आमचे का नकोत, हा त्यामागचा विचार. गरज सरली की दार मिटते हे त्यांना पलटणीच्या अनुभवावरून ठाऊक होते. म्हणून ते मेहेरबानी मागत नव्हते, नियम मागत होते.

आता खाणीचा प्रश्न. लष्करी बांधकामावर जास्त मजुरी मिळू लागली तसे खाणकामगार तिकडे वळले आणि कोळसा घटला. १९२९ च्या नियमांनी बायकांना भूगर्भातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढले होते. ती बंदी ऑगस्ट १९४३ मध्ये उठवली गेली. उतरल्या त्या बहुतेक संथाळ, बाउरी अशा आदिवासी आणि दलित बाया. डिसेंबरात बाबासाहेब स्वतः धनबादच्या खाणीत उतरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी निर्णयाचे समर्थन केले आणि समान कामाला समान वेतनाचे तत्त्व मान्य करून घेतल्याचे सांगितले. त्याआधीच, जानेवारीत, खाणकामगार कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

मग न्याय काय करायचा? निर्णय सरकारचा होता, पण खाते बाबासाहेबांचे होते, हे लपवू नये. त्याची किंमत त्या बायांनी मोजली, हेही विसरू नये. पण ज्या टंचाईत जपानने माणसे ओढून नेली, त्याच टंचाईत या माणसाने वेतनाचे तत्त्व आणि निधीचा कायदा कामगाराच्या पदरात टाकला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, त्यामागेही त्यांचीच खटपट होती.

२०२० च्या साथीत गुजरात सरकारने आणीबाणीचे निमित्त करून कामाचा दिवस बारा तासांचा केला. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले. न्यायालयाच्या हाती कायदा होता म्हणून ते जमले.

त्या मुलीला मी एवढेच म्हणालो, "पोरी, तुझा प्रश्न बरोबर आहे. 'देशासाठी त्याग करा' असं कोणी म्हणालं की हाच प्रश्न तिथेही विचार. खाली कोण उतरतंय, आणि वर येताना त्याच्या हातात काय आहे?"