सिंहाच्या तोंडून राजाच्या कानात

श्रवणयंत्रांच्या इंग्रजी इतिहासांत पोर्तुगालच्या ‘गोवा सहावा’ या राजाचा उल्लेख वाचून मी चमकलो. असा राजा झालाच नाही. हा जुआंव सहावा. नावाचा कुणीतरी बहुधा ‘गोवा’ केला आणि पुढच्यांनी तसाच उतरवून घेतला. (गोव्यावर राज्य त्याचेच होते, हा निव्वळ योगायोग.)

1819 साली लंडनच्या एफ. सी. राइन या कारखान्याने त्याच्यासाठी ऐकण्याचे सिंहासन घडवले. आसनाचे हात पोकळ, टोकांना आ वासलेले सिंह. भेटीला आलेल्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचे. आवाज आसनाखालच्या पेटीत आणि तिथून नळीने राजाच्या कानात. वाकायचे ते बोलणाऱ्याने, हे मला त्यातल्या यांत्रिकीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

1952च्या अखेरीस श्रवणयंत्रात ट्रान्झिस्टर आला. यंत्र लहान होत पुढे कानात शिरले आणि सगळी उस्तवार बहिऱ्याकडे आली. माझ्या कानाच्या साच्यावर बेतलेले यंत्र मी रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसतो, आवाजाचे भोक मऊ ब्रशने झाडतो, मळाची जाळी बुजली की बदलतो. मग सेलचे झाकण उघडे टाकून ते सिलिका जेलच्या डबीत. कोकणातल्या पावसाळ्यात ही डबी देवघराइतकीच सोवळ्यात असते.

एवढे करूनही समोरचा पाठ फिरवून बोलला, तर काही कळत नाही. आणि वर्षांनी कानाचा आकार बदलला की यंत्र सैल बसून शिट्टी मारू लागते. मग पुन्हा कानात लगदा भरून नवा साचा द्यायला जायचे.