मोटारसायकलचे घरगुती स्प्रे रंगकाम
मोटारसायकलची टाकी, साइड पॅनेल व मडगार्ड सुटे करून घरीच रंग फवारण्याची पद्धत. खरा वेळ जातो तो घासकामात: गंज काढणे, पुट्टी, प्राइमर आणि वॉटर पेपर. रंग साधारण 20 सेंमी. अंतरावरून पातळ हातांनी देतात. घाई केली की ओघळ येतोच. हवामानही पाहावे लागते: दोंडाईच्यात (धुळे जिल्हा) मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. अशा उष्णतेत थिनर हवेतच उडून थर खरखरीत बसतो, म्हणून सकाळची वेळ व सावकाश उडणारा थिनर बरा. पावसाळ्यात दमट हवेने एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढुरकी झाक येते. साध्या डब्यातील लॅकर सांडलेल्या पेट्रोलने विरघळते. हार्डनर मिसळलेला टू-के (दोन घटकांचा) क्लिअर कोट टिकतो, मात्र त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.