बरई, नागवेल आणि मनी प्लॅन्ट

उंबरठ्याच्या आंत झाड आणून त्याची जोपासना करावी, ही चाल आपल्याकडे फार जुनी नव्हे. अंगणांत तुळस, परसांत केळ, मांडवावर दोडका, अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असे. आज मात्र भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकास असलेल्या लाखांदुरासारख्या धानाच्या गांवींहि, कवेलूंच्या घरांत काय आणि सिमेंटच्या घरांत काय, बाटलींतल्या पाण्यावर वाढणारी, पिवळसर शिंतोड्यांच्या पानांची एक वेल सहज दृष्टीस पडते. लोक तिला मनी प्लॅन्ट म्हणतात, आणि ती चोरून आणली तरच घरांत पैसा येतो असेंहि सांगतात. ज्याच्या घरची चोरीस जाते त्याच्या पैशाचें काय होतें, याचा खुलासा आम्हांस अद्यापि कोणी केलेला नाहीं.

या वेलीचें मूळ घर पॅसिफिक महासागरांतील सोसायटी बेटांपैकीं मोरेआ हें होय. इ. स. १८८० त लिंडन आणि आंद्रे या युरोपीय उद्यानविद्यावेत्त्यांनीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून तिला 'पोथॉस' या गणांत बसविलें. फुलावांचून वनस्पतीचें कूळगोत्र निश्चित करणें कठीण, आणि ही वेल तर फुलण्याचें नांवच घेत नाहीं. अखेर १९६२ त फुललेला नमुना अभ्यासास मिळाला व नांव बदललें. १९६४ त तें पुन्हा बदललें, आणि 'एपिप्रेम्नम ऑरियम' हें आजचें नांव तेव्हां पडलें. न फुलण्याचें कारण कळावयास मात्र २०१६ साल उजाडावें लागलें. जिबरेलिन नांवाचा जो रस तिला फुलावयास लावील, तो तिच्या अंगीं पुरेसा तयारच होत नाहीं. बाहेरून फवारला तेव्हां ती फुलली. बीं नाहीं म्हणजे वारा, पक्षी यांचेंहि साह्य नाहीं. ती जगभर पसरली ती माणसाच्या हातून, एकेका पेराच्या तुकड्यानें.

पूर्वीं अशीं नाजूक रोपें गलबतावर खाऱ्या वाऱ्यानें मरत. ती अडचण लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरानें दूर केली. १८२९ त बंद बरणींतल्या ओल्या मातींत नेचा उगवलेला पाहून त्यानें कांचेच्या बंद पेट्या करविल्या, आणि १८३३ त रोपांनीं भरलेल्या अशा पेट्या सिडनीकडे रवाना झाल्या. रोपें तेथें सुखरूप पोंचलीं. पुढें चहाचीं रोपें चीनमधून भारतांत आलीं तीं अशाच पेट्यांतून.

परंतु वेलीस सावली रचून देण्याची विद्या आपणांस कोणा परकीयापासून शिकावी लागली नाहीं. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ त मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत बरई समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे; भंडारा जिल्हा तेव्हां त्याच प्रांतांत होता. नागवेल लावणें हा बरयांचा पिढीजात धंदा, आणि नागपंचमी हा त्यांचा मोठा सण. शेजारच्या रामटेकचें पान तर सर्वश्रुतच आहे. पानमळा म्हणजे काड्या-गवताचें एक प्रशस्त घरच: वर विरळ छप्पर, भोंवतीं कुडाच्या भिंती; ऊन गाळून यावें आणि झळ आंत शिरूं नये. पाणी थोडें पण वारंवार, आणि मुळाशीं तें तुंबतां कामा नये. मनी प्लॅन्टची निगा शिकावयास बरयाहून चांगला गुरु आम्हांस तरी दिसत नाहीं. दोन्ही वेली सख्ख्या नव्हत. नागवेल मिऱ्याच्या कुळांतली, ही अळवाच्या. आपल्या औषधांतील गजपिंपळी मात्र हिची जवळची नातलग.

वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो, तेव्हां पश्चिमेच्या खिडकींत ठेवलेल्या वेलीचीं पानें करपतात. तिला पूर्वेकडची ओसरी मानवते. कुंडींतली माती वरून बोटभर सुकल्यावरच पाणी घालावें, पावसाळ्यांत तेंहि कमी. पानें पिवळीं पडतात तीं बहुधा तहानेनें नव्हे, अतिपाण्यानें. कलम घ्यावयाचें तें पेराच्या खालीं कापून, कारण मूळ फुटतें तें पेरालाच. लोंबत सोडली तर तिचीं पानें लहान होत जातात. काथ्या गुंडाळलेल्या काठीवर चढविली तर मोठीं होतात. रानांत उंच झाडावर चढलेल्या वेलीचें पान हातभर लांब आणि फाटलेलें असतें. ती हीच वेल, असें पाहणारास पटतहि नाहीं.

एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. पान हृदयाकृति असल्यामुळें लहान मुलास तें विड्याचें वाटणें स्वाभाविक आहे, आणि अळवाप्रमाणेंच याच्याहि अंगांत ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात. चावल्यास तोंड व घसा जळजळतो, सुजतो. अळूस चिंच लावून आपल्या सुगरणी त्याचा बंदोबस्त करतात; या पानास तो मार्ग नाहीं, तें मुलांच्या व गुरांच्या तोंडापासून उंचच असावें. हवा शुद्ध करण्याची तिची कीर्तिहि बरीच फुगलेली आहे. 'नासा' या अमेरिकन संस्थेनें १९८९ त केलेले प्रयोग बंद पेटींतले होते. २०१९ च्या हिशेबाप्रमाणें साध्या वायुवीजनाची बरोबरी करावयास दर चौरस मीटरास निदान दहा झाडें लागतील. मग माणसांनीं बसावें कोठें?

छाटलेले तुकडे बोडीच्या कांठीं फेंकूं नयेत. श्रीलंकेंत व हवाईत ही वेल रानांत शिरून झाडांवर पसरली आहे, आणि तिला रुजावयास एक ओलें पेर पुरतें.