दुसऱ्याच्या मनाचा ठाव

समोरचा माणूस काय पाहतो आहे, त्याला काय ठाऊक आहे, याचा अंदाज आपण दिवसभर बांधत असतो. चिंपांझीला हे साधते काय? डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुड्रफ या अमेरिकन संशोधकांनी १९७८ साली हा प्रश्न आपल्या निबंधाच्या मथळ्यातच विचारला. त्यांच्याजवळ सारा नावाची चिंपांझी होती. अडचणीत सापडलेल्या माणसाची चित्रफीत तिला दाखवीत. मग ती अडचण सोडवणारे छायाचित्र ती बहुतेक वेळा अचूक निवडी. शंकेखोर म्हणाले, यात मन कुठे आले? ही तर नुसती सवयीची सांगड!

पुढे १९९६ साली डॅनियल पोव्हिनेली आणि टिमथी एडी यांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. समोर दोन माणसे. एकाला सारे दिसते, दुसऱ्याच्या डोक्यावर बादली. खाऊ कुणाकडे मागायचा? चिंपांझींनी बादलीवाल्यापुढेही खुशाल हात पसरले. झाले, वानराला दुसऱ्याची दृष्टी कळत नाही, असा निकाल पुष्कळांनी देऊन टाकला.

माझ्या मते येथे परीक्षाच चुकली होती. चिंपांझींच्या टोळीत अन्न म्हटले की चढाओढ आली. कनवाळू परक्याकडून खाऊ मागण्याचा प्रसंग तिथे कुठला! ब्रायन हेअर, जोसेप कॉल आणि मायकेल टोमासेलो यांनी २००० साली नेमकी ती चढाओढच मांडली. एक दांडगा, एक दुबळा. एक खाऊ दोघांना दिसणारा, दुसरा आडोशामुळे एकट्या दुबळ्याला. दुबळा बहुधा आडोशामागच्या खाऊकडेच वळे! दांडग्याला काय दिसत नाही, हे त्याने हेरले होते.

आता शक्यतेचा हिशेब पाहा. २०१४ साली हानेस राकोत्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवसदृश वानरांपुढे दोन पारदर्शक बादल्या ठेवल्या. दोन्हींत केळ्याच्या गोळ्या आणि गाजराचे तुकडे, पण प्रमाण निराळे. प्रयोगकर्ता प्रत्येकीतून एकेक जिन्नस मुठीत झाकून काढी. वानरांना केळे अधिक प्रिय, आणि ज्या बादलीत त्याचे प्रमाण जास्त, तिच्यातली मूठ ते निवडत. पाटी नाही, पाढे नाहीत!

२०१८ साली योहाना एकर्ट आणि सहकाऱ्यांनी हे दोन्ही धागे जोडले. जिन्नस काढणाऱ्या माणसाची आवड ठरलेली असेल आणि त्याला बादलीत दिसत असेल, तर नुसत्या प्रमाणावर विसंबून चालत नाही. तो वेचूनच काढणार. दिसत नसेल, तर पुन्हा प्रमाणच खरे. चिंपांझींनी माणसाची आवड आणि त्याची नजर, दोन्ही हिशेबात धरली.