शेंगेन व्हिसा

शेंगेन व्हिसा : युरोपातील २९ देशांच्या सामाईक प्रदेशात अल्पकाळ राहण्यासाठी त्यांपैकी एखाद्या देशाने दिलेला आणि बाकीच्या देशांनी मान्य केलेला प्रवेशपरवाना. भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यापारी बैठक, परिषद अशा कामांसाठी तो निघण्यापूर्वी घ्यावा लागतो.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहान गाव. १४ जून १९८५ रोजी तेथे नांगरलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड’ या बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपापसांतील सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला. अंमलबजावणीचा करार १९९० मध्ये झाला आणि तपासणी प्रत्यक्षात उठली ती २६ मार्च १९९५ पासून. पुढे देश वाढत गेले. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. बल्गेरिया आणि रुमानियाच्या हवाई व सागरी सीमा मार्च २०२४ मध्ये, तर जमिनीवरच्या सीमा १ जानेवारी २०२५ रोजी खुल्या झाल्या.

शेंगेन प्रदेश आणि युरोपीय संघ यांत गल्लत होते आणि ती प्रवाशाला महागात पडते. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन संघाचे सदस्य नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असूनही या व्यवस्थेत नाहीत. ब्रिटन त्यात कधीच नव्हते. त्यामुळे पॅरिस पाहून लंडनला जायचे आणि तेथून रोमला उतरायचे, असा बेत असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा हवाच, शिवाय शेंगेन व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा लंडनच्या गाडीत बसताच संपतो.

प्रकार तीन. ‘ए’ हा फक्त विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागात विमान बदलण्यापुरता. तो काही देश मागतात, काही मागत नाहीत, आणि या याद्या बदलत असल्याने तिकीट काढतानाच पाहून घ्याव्यात. ‘सी’ हा अल्प मुक्कामाचा, म्हणजे बोलीभाषेतला ‘शेंगेन’. शिक्षण, नोकरी किंवा जोडीदाराकडे कायम राहायला जाणे यांसाठी ‘डी’ लागतो. तो प्रत्येक देश आपल्या कायद्याने देतो, त्याचे नियमही निराळे. ‘सी’वर जाऊन तेथे नोकरी शोधू, मग पाहू, हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. तो ऐकू नये.

‘सी’ व्हिसाची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी आहे. हे १८० दिवस पुढे मोजायचे नसतात. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून गेल्या १८० दिवसांत किती दिवस आत होतो, हे पाहायचे असते. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही मोजला जातो. लीप वर्ष नसताना १ जानेवारी ते ३१ मार्च असे ९० दिवस राहिलेल्या माणसाला ३० जूनपूर्वी पुन्हा आत जाता येत नाही. म्युनिकला लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईला हा नियम नेमका आडवा येतो. अमेरिकेत पर्यटक म्हणून उतरताना सहसा सहा महिने मिळतात, त्या सवयीने आखलेले बेत इथे कोसळतात. व्हिसाच्या स्टिकरवर मुदतीच्या तारखा वेगळ्या आणि राहण्याच्या दिवसांची संख्या वेगळी छापलेली असते. मुदत महिन्याची आणि मुक्काम पंधराच दिवसांचा, असे सर्रास असते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हा प्रश्न सोयीचा नाही, नियमाचा आहे. २०१० पासून लागू असलेल्या युरोपीय व्हिसा संहितेनुसार प्रवासाचे मुख्य ठिकाण ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. एकाहून अधिक देश असतील तर कामाच्या किंवा मुक्कामाच्या दृष्टीने मुख्य तो. तसे ठरवता येत नसेल तर ज्या देशातून प्रथम आत शिरणार तो. पॅरिसला तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये पाच आणि इटलीत तीन असतील, तर विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज स्वित्झर्लंडचाच. अमुक देश व्हिसा लवकर देतो, त्याच्याकडे टाका, मग फिरा कुठेही, हा काही एजंटांचा लाडका मंत्र आहे. तारखा मिळेनाशा झाल्या की तो फार मोहक वाटतो. पण हॉटेलांची आरक्षणे आणि अर्जातला देश जुळला नाही तर वकिलात अर्ज परत करू शकते, आणि विमानतळावरचा अधिकारीही प्रश्न विचारू शकतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. निर्णय साधारणपणे पंधरा दिवसांत व्हावा असा नियम आहे, मात्र ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच दिवाळीनंतर कागद जमवायला लागावे. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. व्हिसा नाकारला तरी ही रक्कम परत मिळत नाही.

बहुतेक देश अर्ज स्वतः स्वीकारत नाहीत. हे काम बाहेरच्या कंपन्यांकडे दिलेले असते. त्यांतली सर्वांत परिचित, व्हीएफएस ग्लोबल, २००१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. या कंपन्या कागद घेतात, बोटांचे ठसे घेतात, छायाचित्र काढतात आणि त्याचे वेगळे सेवाशुल्क आकारतात. निर्णय त्यांच्या हातात नसतो, तो वकिलातीचा. एसएमएस, कुरिअर, आरामदायी प्रतीक्षाकक्ष अशा जादा पैशांच्या सेवांनी निर्णयावर काडीचाही फरक पडत नाही. ठसे ५९ महिने वापरता येतात, म्हणून तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केल्यास सहसा नव्याने द्यावे लागत नाहीत. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या नियोजित तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला लागतो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू असणारा हवा. बाकीचे कागद, म्हणजे विमानाचे आरक्षण, राहण्याची सोय, बँकेचे स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रे, कचेरीचे रजापत्र, हे सगळे मिळून एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : हा माणूस परत जाईल का? संहितेने हे दाखवण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. त्यामुळे फाइल किती जाड आहे यापेक्षा तिच्यातली गोष्ट एकसंध आहे का, हे महत्त्वाचे. चाळीस हजार पगाराच्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी पाच लाख येऊन पडले, तर ते बळ ठरण्याऐवजी संशयाचे कारण ठरते. पैसे खरोखरच वडिलांनी दिले असतील तर त्यांचे पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा जोडावा. शेतकरी कुटुंबातील अर्जदाराने सातबारा जोडायला हरकत नाही, मात्र इंग्रजी भाषांतरासह. जर्मनीत नातेवाइकाकडे उतरणाऱ्यांसाठी यजमानाने तिथल्या सरकारी कार्यालयात करून दिलेले खर्चाचे हमीपत्र उपयोगी पडते.

मराठी घरांत आणखी एक घोळ ठरलेला : नावांचा. पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव मिळून एका रकान्यात, बँकेत आद्याक्षरे, लग्नानंतर आधारकार्डावर सासरचे आडनाव आणि पदवीवर माहेरचे. सर्वत्र पासपोर्टप्रमाणे नाव लिहावे, आणि फरक उरलाच तर विवाहनोंदणीचा दाखला सोबत ठेवावा. परत न मिळणारे तिकीट व्हिसापूर्वी काढू नये. एजंटने बनवून दिलेली खोटी आरक्षणेही लावू नयेत. बनावट कागद हे नकाराचे स्वतंत्र कारण आहे.

१८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्या प्रवाशाला दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी उरलेली हवी. ९० दिवसांची मर्यादा दीर्घ मुदतीच्या व्हिसालाही लागू राहते. गोव्यातील अनेक कुटुंबांना या खटाटोपात पडावेच लागत नाही. डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला. ते घेतले की भारतीय नागरिकत्व जाते, हा त्याचा मोबदला.

व्हिसा हाती आला म्हणजे प्रवेश निश्चित झाला असे नाही. सीमेवरचा अधिकारी परतीचे तिकीट, पैसे, राहण्याचा पत्ता विचारू शकतो आणि समाधान न झाल्यास परत पाठवू शकतो. म्हणून अर्जातल्या कागदांच्या प्रती हातातल्या पिशवीत असाव्यात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरील शिक्क्यांची जागा संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने घेऊ लागली. त्यामुळे एक दिवस जास्त राहिलेलेही आपोआप दिसते.

२०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी ११ लाखांहून अधिक अर्ज गेले. नकार आला तर त्याची कारणे ठरावीक छापील नमुन्यावर खुणा करून कळवतात. नकाराविरुद्ध दाद मागता येते, पण ती त्या त्या देशाच्या कायद्यानुसार आणि ठरलेल्या मुदतीत. सहलीच्या तारखा जवळ असतील तर बहुतेक जण नव्याने अर्ज करणे पसंत करतात. त्यासाठी थांबण्याची सक्ती संहितेत नाही, शुल्क मात्र पुन्हा भरावे लागते. जुना अर्ज युरोपीय व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षे राहतो आणि दुसऱ्या देशाच्या वकिलातीलाही दिसतो. त्यामुळे ज्या मुद्द्यावर खूण झाली तो न सुधारता तेच कागद दुसऱ्या देशाच्या खिडकीत नेण्यात काही अर्थ नसतो.